बारा जोड्या, अठ्ठेचाळीस टोकं

कवटीतून मेंदू अख्खा बाहेर काढायचा म्हणजे क्रेनियल नर्व्हच्या (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या) बाराही जोड्या तोडाव्या लागतात, त्याला इलाज नाही. प्रत्येक नर्व्हचं एक टोक मेंदूबरोबर जातं, दुसरं कवटीच्या तळाशी राहतं. पुढचे कित्येक आठवडे डिसेक्शन हॉलमध्ये याच टोकांवर काम चालतं. म्हणून आमच्याकडे करवत हातात घेण्याआधी टेबलावर एक गोष्ट ठरते, ती म्हणजे कुठली नर्व्ह कुठे कापायची. उजवीकडे हाडालगत कापायची, म्हणजे मेंदूवर लांब टोक राहतं. डावीकडे मेंदूजवळ कापायची, म्हणजे कवटीत लांब टोक राहतं. प्रत्यक्षात जागा इतकी अरुंद असते की हा बेत सहाव्या नर्व्हपर्यंतच नीट पाळता येतो, पुढे कात्री पोचेल तिथे कापावं लागतं. तरी ठरवलेलं बरं. न ठरवता कापलं की दोन्ही बाजूंच्या नर्व्ह मेंदूच्या अगदी मुळाशी तुटतात आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ट्रेमध्ये गुळगुळीत ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) समोर येतो.

मेंदू कसा निघणार हे बऱ्याच अंशी देहाचं एम्बामिंग (देह टिकवायला रक्तवाहिनीतून द्रव सोडणं) कधी आणि कुठून झालं यावर असतं. मृत्यूनंतर मेंदू लवकर मऊ पडतो. मांडीतल्या फिमोरल आर्टरीतून सोडलेलं द्रव डोक्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते, कारण वयस्कर माणसाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात आणि आत गुठळ्या असतात. मानेतल्या कॅरोटिडमधून वरच्या दिशेने वेगळं इंजेक्शन दिलं असेल तर मेंदू घट्ट मिळतो. देहदानाचा देह भर उन्हाळ्यात लांबून आला असेल, तर ड्युरा (मेंदूवरचं बाहेरचं जाड आवरण) उघडल्यावर आत पातळ लगदा निघू शकतो. अशा वेळी मेंदूचा नाद सोडावा, लगदा हलक्या पाण्याने धुऊन काढावा आणि कवटीचा तळ जपावा. ड्युरातून गेलेल्या नर्व्हची टोकं अशा देहातही बरीच शाबूत मिळतात.

देह टिकवणाऱ्या फॉर्मलिनबद्दल थोडं. बाजारात मिळतं ते साधारण ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं असतं. हॉलमधलं ‘१० टक्के फॉर्मलिन’ म्हणजे त्यातला एक भाग आणि पाण्याचे नऊ, म्हणजे प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपास. तेवढंही डोळ्यांना पुरेसं होतं. कवटी उघडताना आत साचलेली वाफ थेट वाकलेल्या चेहऱ्यावर येते, म्हणून गॉगल लागतोच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. पंखा लावून भागत नाही, एक्झॉस्ट चालू असावा लागतो.

टाळूवरची कातडी काढण्यात फारसं काही नाही. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत एक छेद आणि माथ्यावरून दोन्ही कानांपर्यंत दुसरा, असे चार पदर पाडायचे. वरचे तीन थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि चौथा सैल असतो, त्यामुळे योग्य पातळीत गेलात तर बोटानेच पदर सुटतो. सुटत नसेल तर सुरी अजून वरच्या थरातच आहे असं समजा. पुढचा पदर खाली ओढताना भुवईच्या हाडावर, मध्यरेषेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर, सुप्राऑर्बिटल नर्व्ह दिसते. ती ट्रायजेमिनलच्या (पाचव्या नर्व्हच्या) पहिल्या शाखेची आहे आणि पुढे डोळ्याच्या खोबणीत उपयोगी पडते, तेव्हा इथेच तोडू नका. टेम्पोरॅलिस हा कानशिलावरचा स्नायू हाडावरून खरवडून खाली लोटायचा.

करवतीची रेघ मात्र डोळ्यांच्या अंदाजाने मारू नये. कवटीभोवती रबरबँड चढवायचा: पुढे खोबणीच्या वरच्या कडेपासून २ सेंटिमीटर वर, मागे उंचवट्यापासून २ सेंटिमीटर वर, आणि त्याच्या कडेने मार्करने रेघ ओढायची. पुढे रेघ खाली उतरली तर फ्रंटल सायनस (कपाळाच्या हाडातली पोकळी) उघडतो आणि करवत खोबणीच्या छतात घुसते. मागे खाली उतरली तर ट्रान्सव्हर्स सायनस (ड्युरातली रक्ताची वाहिनी) आणि टेन्टोरियमची (मोठ्या आणि लहान मेंदूमधल्या ड्युराच्या पडद्याची) चिकटलेली कडच कापली जाते, मग टेन्टोरियम पद्धतशीर सोडवायला काही उरत नाही.

करवतीने फक्त बाहेरचा थर कापायचा. भुसा पांढरा असतो तोवर बाहेरच्या थरात आहात. तो ओलसर, तपकिरी-लालसर यायला लागला की मधल्या मज्जेत पोचलात, तिथे थांबायचं. आतला थर छिन्नीने तोडायचा. छिन्नी खाचेत ठेवून हलका ठोका द्यायचा आणि ती पिळायची. नवखा माणूस ठोक्यावर भर देतो, खरं काम पिळण्याने होतं. कानाच्या वरच्या भागात हाड अगदी पातळ असतं आणि मज्जेचा थर जवळजवळ नसतोच, तिथे भुशाचा रंग बदलण्याची वाट पाहाल तर करवत मेंदूच्या टेम्पोरल लोबमध्ये गेलेली असेल. त्या भागात सुरुवातीपासून छिन्नीच बरी. इलेक्ट्रिक ऑसिलेटिंग करवत असेल तर काम झटपट होतं, पण तिचा भुसा बारीक असतो आणि हवेत राहतो, तेव्हा मास्क चांगला हवा. हॉलमधले जुने मामा (मदतनीस) आजही हातकरवतच पसंत करतात, आणि हाताला लागणारा फरक बघता त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

कवटीची कापलेली टोपी सैल झाली की पुढच्या खाचेत छिन्नी घालून वर उचलायची आणि बोटाने किंवा सुरीच्या दांड्याने ड्युरा खाली लोटत मागे जायचं. वयस्कर देहात ड्युरा शिवणींपाशी हाडाला इतकी घट्ट असते की ती टोपीबरोबरच फाटून येते. असं झालं तर ओढाताण करू नये. ड्युरा कात्रीने गोल कापून टोपीतच राहू द्यावी, मेंदूला धक्का बसत नाही. टोपीच्या आतल्या बाजूला मिडल मेनिंजिअल आर्टरीच्या खाचा आणि मध्यरेषेजवळ अ‍ॅरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशनचे खड्डे दिसतात. ती धुऊन बाजूला ठेवा, स्पॉटरला (नमुना ओळखण्याच्या परीक्षेत) हमखास येते.

ड्युरा मध्यरेषेतल्या सॅजिटल सायनसच्या दोन्ही बाजूंना, त्यापासून थोडं अंतर राखून उघडायची. सायनसमध्ये शिरणाऱ्या शिरा तोडायच्या, मग पुढे दोन्ही फ्रंटल लोब हलकेच बाजूला करून फाल्क्स (मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला ड्युराचा पडदा) क्रिस्टा गॅली या पुढच्या हाडाच्या कंगोऱ्यापासून कापायचा आणि मागे ओढून घ्यायचा.

आता खांद्यांखाली लाकडी ठोकळा सरकवायचा, म्हणजे मान मागे जाते आणि डोकं टेबलाच्या कडेबाहेर येतं. एकाने दोन्ही तळहात मेंदूखाली धरून ठेवायचे. हा माणूस शेवटपर्यंत दुसरं काही करत नाही. मेंदू स्वतःच्या वजनाने मागे कलतो आणि नर्व्ह ताणल्या जातात. थोडा ताण हवाच, त्यामुळे त्या दिसतात. जास्त झाला की न कापताच उपटतात, आणि उपटतात त्या मेंदूच्या बाजूने. चौथी यात सर्वात नाजूक.

पहिली जोडी कापायची नसतेच. वासाच्या नर्व्हचा ऑल्फॅक्टरी बल्ब क्रिब्रिफॉर्म प्लेटवर (हाडाच्या चाळणीवर) बसलेला असतो आणि त्याचे वीसेक बारीक धागे चाळणीतून नाकात उतरतात. ते आपोआप तुटतात. बोथट प्रोबने बल्ब हाडावरून सोडवून आधी मेंदूला चिकटवून घ्यायचा, नाहीतर फ्रंटल लोब उचलताना बल्ब खालीच राहतो आणि ट्रॅक्ट मध्ये तुटतो. बल्बशिवायचा मेंदू दर वर्षी एखाद्या टेबलावर दिसतोच.

पुढे जाड पांढऱ्या ऑप्टिक, म्हणजे दुसऱ्या नर्व्ह. त्यांच्या मागे-बाहेर इंटर्नल कॅरोटिड आणि मध्ये पिट्युटरीचा देठ. देठ कात्रीने कापायचा, ओढायचा नाही, म्हणजे पिट्युटरी आपल्या खाचेत ड्युराच्या पडद्याखाली राहते. मग ऑक्युलोमोटर, म्हणजे तिसरी. ती पोस्टिरिअर सेरिब्रल आणि सुपिरिअर सेरिबेलर या दोन आर्टरींच्या मधून येते आणि टेन्टोरियमच्या मोकळ्या कडेलगत पुढे जाते. इथे क्षणभर थांबून टेम्पोरल लोबची आतली कड या नर्व्हच्या किती जवळ आहे ते बघून घ्यावं. डोक्यात दाब वाढला की हीच कड खाली सरकते, तिसरी नर्व्ह दाबते आणि त्या बाजूची बाहुली मोठी होते. कॅज्युअल्टीत टॉर्च मारून जे पाहतात ते इतक्या स्पष्टपणे पुन्हा कुठे दिसत नाही.

चौथी, म्हणजे ट्रॉक्लिअर, ही या सगळ्या कामातली अवघड जागा. जेमतेम शिवणाच्या दोऱ्याएवढी जाड, ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी एकमेव, आणि टेन्टोरियमच्या मोकळ्या कडेखाली लपलेली. कड चिमट्याने बाहेर वळवली तरच दिसते. आधी ती शोधायची, कापायची, आणि मगच टेन्टोरियमला सुरी लावायची. क्रम उलटा झाला तर ट्रॉक्लिअर टेन्टोरियमबरोबर कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. टेन्टोरियम पेट्रस हाडाच्या (ज्यात कान असतो त्या कठीण हाडाच्या) वरच्या कडेने, पोस्टिरिअर क्लायनॉइडजवळून (पिट्युटरीच्या खाचेमागच्या हाडाच्या टोकाजवळून) सुरू करून बाहेर आणि मागे कापत न्यायचा. सुरीचं टोक वर ठेवायचं, खाली सेरिबेलम (लहान मेंदू) आहे.

टेन्टोरियम सुटला की पोस्टिरिअर फॉसा (कवटीच्या तळाचा मागचा खड्डा) उघडतो आणि उरलेल्या आठ जोड्या भराभर समोर येतात. सर्वात जाड ट्रायजेमिनल, तिचं बारीक मोटर मूळ आतल्या बाजूला. मध्यरेषेजवळ अ‍ॅब्ड्युसेन्स, ब्रेनस्टेमच्या पॉन्स आणि मेड्युला या भागांच्या सांध्यातून निघून क्लायव्हसवर (कवटीच्या तळातल्या मधल्या उतारावर) वर चढते आणि मधेच ड्युरात शिरते. पेट्रस हाडाच्या टोकावरून वळताना ती ड्युराला जखडलेली असते, त्यामुळे मेंदूचा दाब कुठल्याही कारणाने वाढला तरी ती ताणली जाऊ शकते. सहावी लुळी पडली म्हणून दोष तिथेच आहे असं धरून चालत नाही, ते इथे हाताने कळतं. बाहेरच्या बाजूला सातवी-आठवी एकत्र इंटर्नल अकूस्टिक मीएटसमध्ये (कानाकडे जाणाऱ्या भोकात), त्याच्या खाली नववी-दहावी-अकरावी जुग्युलर फोरॅमेनमध्ये (फोरॅमेन म्हणजे हाडातलं भोक). अकराव्या नर्व्हचं पाठीच्या कण्यातून वर येणारं मूळ फोरॅमेन मॅग्नममधून (कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून) चढताना दिसतं, ते कापायचं विसरलं तर मेंदू शेवटच्या क्षणी अडकतो. बारावीचे धागे दोन जुडग्यांत, व्हर्टिब्रल आर्टरीच्या मागून. शेवटी लांब अरुंद सुरी फोरॅमेन मॅग्नममधून जमेल तितकी खोल घालून स्पायनल कॉर्ड आणि दोन्ही व्हर्टिब्रल आर्टरी कापायच्या. खाली हात धरलेल्या माणसाच्या ओंजळीत मेंदू येतो. साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचं वजन असतं, दोन्ही हात लागतात.

रिकामा तळ बघताना एक गोष्ट लक्षात येते. मेंदूवर नर्व्ह मोजायला गेलं की बारा होतात, हाडाच्या भोकांवर मोजायला गेलं की हिशेब वेगळा लागतो. इंग्रज डॉक्टर थॉमस विलिसने १६६४ मध्ये मेंदू अख्खा काढून तळ दाखवला, पण त्याने सातवी-आठवी मिळून एक धरली आणि नववी-दहावी-अकरावी मिळून एक. आजचे बारा जोड्यांचे क्रमांक जर्मन शरीररचनातज्ज्ञ सॅम्युएल थॉमस सोमरिंगने १७७८ मध्ये दिले. विलिसचं मोजणं आज चूक ठरतं, पण मीएटसमधून दोन आणि जुग्युलर फोरॅमेनमधून तीन नर्व्ह एकत्र जाताना पाहिल्यावर त्याने तसं का धरलं असेल ते समजतं. उलट सुपिरिअर ऑर्बिटल फिशरमधून (डोळ्याच्या खोबणीत उघडणाऱ्या फटीतून) तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली शाखा जाते. माझ्या मते विद्यार्थ्यांनी आधी भोकं पाठ करावीत, क्रमांक नंतर. आजारसुद्धा भोकानुसारच नर्व्ह धरतो: जुग्युलर फोरॅमेनमध्ये गाठ असेल तर आवाज, गिळणं आणि खांदा उचलणं बरोबरच बिघडतं.

काढलेला मेंदू बादलीच्या तळाशी ठेवायचा नाही, तो त्याच आकारात चपटा होऊन घट्ट होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या बॅसिलर आर्टरीखालून दोरा ओवून तो बादलीच्या काठाला बांधायचा आणि मेंदू १० टक्के फॉर्मलिनमध्ये उलटा तरंगता ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत हाताळण्याजोगा होतो. त्यानंतर अ‍ॅरॅक्नॉइड (मेंदूवरचं पातळ आवरण) सोलताना घाई नको. आवरण एकाच हिसक्यात ओढलं तर राखलेली सगळी टोकं त्याबरोबर निघतात. प्रत्येक टोकाभोवती आवरण कात्रीने कापून मगच बाजूला करायचं.

कवटीच्या बाजूचं काम मिडल फॉसापासून (तळाच्या मधल्या खड्ड्यापासून) सुरू करावं. ड्युरा सोलताना दिशा महत्त्वाची. मागून पुढे सोलली तर पेट्रस हाडाच्या पुढच्या उतारावरची ग्रेटर पेट्रोसल नर्व्ह वाचते, उलट सोललीत तर ती ड्युराबरोबर जाते. ट्रायजेमिनलचं टोक पकडून पुढे गेलं की गँग्लिऑन (नर्व्हच्या पेशींची गाठ) सापडतो, त्याच्या तीन शाखा: खाली फोरॅमेन ओव्हलीकडे तिसरी, पुढे रोटंडमकडे दुसरी, वर फिशरकडे पहिली. कॅव्हर्नस सायनसच्या (पिट्युटरीच्या बाजूच्या रक्ताच्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीत वरून खाली तिसरी, चौथी, पाचवीची पहिली आणि दुसरी शाखा. सहावी भिंतीत नसते, ती आत कॅरोटिडच्या शेजारी असते. ती शोधायला भिंत फोडत बसू नका. क्लायव्हसवरचं टोक चिमट्याने हलकं ओढा, आत हलतं ती सहावी. ओढ हलकीच हवी.

खोबणीचं छत छिन्नीच्या दांड्यानेही फुटतं इतकं पातळ आहे. पेरिऑर्बिटा (खोबणीचं अस्तर) उघडल्यावर सर्वात वर फ्रंटल नर्व्ह पापणी उचलणाऱ्या लिव्हेटर स्नायूवर पसरलेली, आतल्या बाजूला ट्रॉक्लिअर सुपिरिअर ऑब्लिक या डोळ्याच्या स्नायूमध्ये शिरताना. ती पुसट वाटणारी चौथी इथे पहिल्यांदा विश्वासाने हाती लागते. सिलिअरी गँग्लिऑन मात्र बहुतेकांना दिसत नाही. तो ऑप्टिक नर्व्ह आणि लॅटरल रेक्टस (डोळ्याचा बाहेरचा स्नायू) यांच्या मधे, एक-दोन मिलिमीटरचा असतो, आणि सगळे चरबी काढताना चरबी समजून त्याला काढतात. ऑक्युलोमोटरच्या खालच्या भागाची इन्फिरिअर ऑब्लिककडे जाणारी शाखा धरून मागे गेलं तरच तो जागेवर सापडतो.

चेहऱ्यावर फेशियल (सातवी) नर्व्ह पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीमध्ये शोधताना मुलं कानाखाली मूळ खोड शोधायला जातात. सर्जन तसं करतो, कारण त्याला जिवंत, मऊ ऊती मिळतात. फॉर्मलिनमध्ये घट्ट झालेल्या ग्रंथीत उलटा रस्ता सोपा. झायगोमॅटिक आर्चच्या (गालाच्या हाडाच्या कमानीच्या) बोटभर खाली, मॅसेटर या चावण्याच्या स्नायूवरून जाणारी पॅरोटिडची नळी, साधारण ५ सेंटिमीटर लांब, आधी काढायची. तिच्यालगत बक्कल शाखा असते. तिला धरून ग्रंथीत मागे जायचं आणि ग्रंथी बोथट चिमट्याने तुकड्या-तुकड्याने काढत राहायचं. खोडाशी पोचलं की बाकीच्या शाखा पुढे सोडवणं सरळ असतं. जबड्याच्या कडेखालून जाणारी मार्जिनल मँडिब्युलर शाखा मात्र आधीच कातडी सोलताना प्लॅटिस्मा या कातडीखालच्या पातळ स्नायूबरोबर गेलेली असते, म्हणून गालावरून मानेकडे येताना कातडी पातळच काढायची.

सातवीचा उरलेला धागा कॉर्डा टिम्पनी, आणि त्याच्यासाठी दोन वेगळ्या वाटा उघडाव्या लागतात. खालची वाट जबड्यातून. झायगोमॅटिक आर्च मॅसेटरसकट खाली वळवायची, कॉरोनॉइड (जबड्याच्या हाडाचं वरचं पुढचं टोक) टेम्पोरॅलिससकट वर. मग सुरीचा दांडा जबड्याच्या हाडामागून खाली सरकवायचा. तो जिथे अडतो तिथे इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह हाडात शिरते, करवत त्याच्या वरच ठेवायची. लॅटरल टेरिगॉइड स्नायू काढल्यावर पुढे लिंग्वल, मागे इन्फिरिअर अल्व्हिओलर दिसतात, आणि कवटीच्या तळापासून सुमारे २ सेंटिमीटर खाली लिंग्वलला मागून तिरका येऊन मिळणारा बारीक धागा म्हणजे कॉर्डा. लिंग्वल पुढे ओढली की तो ताणतो आणि दिसतो. वरची वाट मिडल फॉसातून: पेट्रस हाडावरचं टेग्मेन टिम्पनी (मधल्या कानाचं छत) छिन्नीच्या बारीक ठोक्यांनी उघडायचं. हाडाचे कण आत पडून मॅलिअस-इन्कस ही कानातली लहान हाडं झाकतात, तेव्हा प्रत्येक दोन-तीन ठोक्यांनंतर ड्रॉपरने पाणी सोडून धुवायचं. दोन्ही हाडांच्या मधून, मॅलिअसच्या दांड्याच्या आतल्या बाजूने आडवा जाणारा धागा सापडला की काम झालं. पेट्रोटिम्पनिक फिशरमधला मधला तुकडा सोडवायच्या मागे लागू नये, त्या प्रयत्नात बहुधा वरची आणि खालची दोन्ही टोकं तुटतात.